क्षारातले आयन ओळखा, पण क्रमाने: बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी टप्प्याटप्प्याने

सिल्व्हर नायट्रेट टाकलं, पांढरं काहीतरी आलं, वहीत ‘क्लोराईड’ लिहून मोकळे. बाटलीत मात्र बेरियम नायट्रेट होतं. क्लोराईड आलं कुठून? परीक्षानळी शेवटची नळाच्या पाण्याने विसळली होती, तिथून.

क्षार ओळखण्यात होणाऱ्या बहुतेक चुका अशाच असतात. कुठल्या आयनाचा कुठला रंग, हे विद्यार्थ्यांना पाठ असतं. पण चाचणीचा निकाल तेव्हाच खरा, जेव्हा तिच्या आधीच्या चाचण्या नीट नकारार्थी आलेल्या असतात आणि वापरलेलं पाणी, ॲसिड, अमोनिया यांतून तोच आयन आत शिरलेला नसतो. म्हणून खाली रंगांपेक्षा तयारीला आणि क्रमाला जास्त जागा दिली आहे. एकच क्षार, त्यात एक धन आयन आणि एक ऋण आयन, असं धरून चाललो आहोत.

## टप्पा १: पाणी, नळ्या आणि बाटल्या

नागपूरच्या नळाला येणारं पेंच-कन्हानचं पाणी क्लोरीन देऊन सोडलेलं असतं. बोअरच्या पाण्यात तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि क्लोराईड सगळंच असतं. पिण्याला हे चालतं, चाचणीला नाही. आरओचं पाणीही डिस्टिल्ड वॉटर नव्हे, त्यात थोडे क्षार उरतातच. बॅटरीसाठी विकत मिळणारं पाणी चालू शकतं, पण आधी तपासून.

१. दोन नळ्या घ्या. एकीत २ मिली नळाचं पाणी, दुसरीत २ मिली डिस्टिल्ड वॉटर.
२. दोन्हींत विरल (पाणी घालून पातळ केलेल्या) नायट्रिक ॲसिडचे २ थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे २ थेंब टाका.
३. मागे काळा कागद धरून बघा. डिस्टिल्ड वॉटर स्वच्छ राहायला हवं. जराही गढूळ झालं तर ते पाणी बाजूला ठेवा.

नळ्या आधी नळाच्या पाण्याने धुवायला हरकत नाही, पण शेवटच्या दोन विसळण्या डिस्टिल्ड वॉटरच्याच. ड्रॉपर प्रत्येक बाटलीचा वेगळा. ड्रॉपरचं टोक नळीच्या काठाला लावू नका, थेंब वरून सोडा.

बाटल्यांकडेही एकदा बघून घ्या:

- सिल्व्हर नायट्रेट: ०.८५ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून ५० मिली करा. तपकिरी बाटलीतच ठेवा. बोटाला लागलं तर काळा डाग पडतो आणि तो साबणाने जात नाही.
- फेरस सल्फेट: रोज ताजं. हिरवट स्फटिक निवडा, वर पिवळी-तपकिरी साय धरलेली असेल तर ती आधी विसळून टाका. थंड डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा आणि विरल सल्फ्युरिक ॲसिडचा एक थेंब घाला. गेल्या आठवड्याचं पिवळं पडलेलं द्रावण सरळ फेकून द्या.
- चुन्याची निवळी: उघडी राहिली की वर पापुद्रा धरते आणि तिचा जोर जातो. वरची स्वच्छ निवळीच घ्या.
- अमोनियम हायड्रॉक्साईड: हे सगळ्यात दगा देणारं. उन्हाळ्यात बाटली उघडता-मिटता अमोनिया उडून जातो. जुन्या बाटलीत काचेतून सुटलेल्या सिलिकाचे पांढरे कण तरंगतात, आणि हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषला गेल्याने थोडं कार्बोनेटही तयार झालेलं असतं. हे दोन्ही पुढे धन आयनांच्या तिसऱ्या गटात (टप्पा ७) नडतात.
- ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड: डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बाटलीत बर्फ झाल्यासारखं दिसलं तर ते खराब झालेलं नाही. १६.६ अंश सेल्सियसच्या खाली ते गोठतं. बूच सैल करून बाटली कोमट पाण्यात उभी ठेवा. ज्योतीजवळ नेऊ नका.

सावध: संहत (पातळ न केलेल्या, तीव्र) अमोनियाची बाटली एप्रिल-मेमध्ये उघडण्याआधी दहा मिनिटं गार पाण्यात ठेवा. आत दाब साठलेला असतो, बूच काढताच वाफ तोंडावर येते.

## टप्पा २: क्षार वाटून घ्या

मिळालेल्या क्षाराचे चार भाग करा: कोरड्या चाचण्यांसाठी, ऋण आयनासाठी, धन आयनासाठी, आणि चौथा राखीव. चौथ्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. अर्ध्या तासात सगळा क्षार संपवून मग मास्तरांकडे पुन्हा मागायला जाणारे दरवर्षी असतात.

कोरड्या चाचण्यांवर फार वेळ घालवू नका, त्या फक्त दिशा दाखवतात. निळा क्षार म्हणजे बहुधा कॉपर, फिका हिरवा म्हणजे फेरस किंवा निकेल, गुलाबी म्हणजे कोबाल्ट किंवा अगदी फिका असेल तर मँगनीज. तापवल्यावर गरम असताना पिवळा आणि थंड झाल्यावर पांढरा होणारा अवशेष झिंककडे बोट दाखवतो.

ज्योत परीक्षेत तार संहत हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवून, ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत पुन्हापुन्हा तापवा. मगच क्षार लावा. संहत हायड्रोक्लोरिक ॲसिड लावायचं कारण क्लोराईड लवकर बाष्परूप होतात. काचेची कांडी वापरू नका, तिच्यातला सोडियम ज्योत पिवळी करतो. कॅल्शियम विटकरी लाल, स्ट्रॉन्शियम किरमिजी, बेरियम पोपटी हिरवा, कॉपर निळसर हिरवा. पिवळी झाक जवळजवळ प्रत्येक ज्योतीत येते. तेवढ्यावर सोडियम लिहू नका.

## टप्पा ३: अमोनियम सगळ्यांच्या आधी

पुढे गट वेगळे करताना आपण स्वतःच अमोनियम क्लोराईड आणि अमोनिया ओतणार आहोत. त्यानंतर अमोनियम शोधण्यात अर्थच उरत नाही. म्हणून ही चाचणी मूळ क्षारावर, आत्ताच.

१. चिमूटभर क्षारात १ मिली सोडियम हायड्रॉक्साईड घालून हळू तापवा.
२. ओला लाल लिटमस नळीच्या तोंडाशी वर धरा, काठाला टेकू न देता.
३. लिटमस सावकाश, सगळीकडून सारखा निळा झाला तर अमोनियम. ठिपक्याठिपक्यांनी निळा झाला तर सोडियम हायड्रॉक्साईडचे शिंतोडे उडालेत, चाचणी पुन्हा करा.

तपासा: शेजारच्या टेबलावर अमोनियाची बाटली उघडी आहे का? हायड्रोक्लोरिक ॲसिडची कांडी धरून पांढरे धूर बघणार असाल तर हे आधी बघा.

## टप्पा ४: ऋण आयन, आधी विरल ॲसिड मग संहत

४.१ विरल सल्फ्युरिक ॲसिड. चिमूटभर क्षारावर १ मिली ॲसिड टाका. आधी थंड बघा, मग कोमट करा.

फसफसून वास नसलेला वायू आला आणि त्याने चुन्याची निवळी दुधाळ झाली तर कार्बोनेट. वायू फार वेळ सोडत राहिलात तर दुधाळपणा परत निवळतो, त्यामुळे पहिल्या मिनिटातच लक्ष ठेवा. जळत्या गंधकाचा वास आला तर निवळीवर विसंबू नका, सल्फर डायऑक्साईडनेही ती दुधाळ होते. ॲसिडयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटचा कागद हिरवा झाला तर सल्फाईट. सडक्या अंड्याचा वास आणि लेड ॲसिटेटचा कागद काळा झाला तर सल्फाईड. तपकिरी धूर आले तर नायट्राईट. व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेट.

४.२ संहत सल्फ्युरिक ॲसिड. हे फक्त ४.१ मध्ये काहीच आलं नाही तरच. ताजा क्षार, ४-५ थेंब ॲसिड, हलकी आच. ॲसिड उकळू द्यायचं नाही.

रंगहीन, झोंबणारा वायू आणि अमोनियाच्या कांडीशी दाट पांढरे धूर दिसले तर क्लोराईड. लालसर तपकिरी वायू ब्रोमाईडचाही असतो, नायट्रेटचाही. दोन्हींत फरक करायला तांब्याचा कीस टाका: धूर वाढले आणि द्रावण निळसर झालं तर नायट्रेट. जांभळी वाफ आली तर आयोडाईड.

दोन्ही ॲसिडांनी काहीच हाती लागलं नाही, तर सल्फेट किंवा फॉस्फेट उरतात.

सावध: ॲसिड घातलेल्या नळीचं तोंड कोणाकडेही नको, स्वतःकडे तर नकोच. वायूचा वास नाक लावून नव्हे, हाताने वारा घेऊन. हायड्रोजन सल्फाईड विषारी आहे, आणि जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं. ‘आता वास गेला’ म्हणजे वायू गेला असं नाही.

## टप्पा ५: सोडियम कार्बोनेटचा अर्क आणि पुष्टीच्या चाचण्या

क्षार पाण्यात विरघळत असेल आणि धन आयन मध्ये लुडबुड करत नसेल, तर साधं पाण्यातलं द्रावण पुरतं. नाहीतर अर्क करा. १ ग्रॅम क्षार, ३ ग्रॅम सोडियम कार्बोनेट आणि १५ मिली डिस्टिल्ड वॉटर ढवळत साधारण १० मिनिटं उकळा, थंड करून गाळा. जड धातू कार्बोनेट होऊन गाळणकागदावर राहतात, ऋण आयन खाली उतरतात. कार्बोनेटची चाचणी या अर्कावर करणं म्हणजे आपणच घातलेलं कार्बोनेट आपणच शोधणं. ती मूळ क्षारावरच.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अर्क कोणत्या ॲसिडने आम्लधर्मी करायचा, हे पुढच्या चाचणीवर ठरतं:

- सिल्व्हर नायट्रेट वापरणार असाल तर विरल नायट्रिक ॲसिड. हायड्रोक्लोरिक घातलंत तर क्लोराईड तुम्हीच दिलंत.
- बेरियम क्लोराईड वापरणार असाल तर विरल हायड्रोक्लोरिक ॲसिड. सल्फ्युरिक घातलंत तर सल्फेट तुम्हीच दिलंत.

ॲसिड थेंबाथेंबाने, फसफसणं पूर्ण थांबेपर्यंत. मग २ थेंब जास्त. निळा लिटमस लाल झालाच पाहिजे. हा एक मिनिट वाचवायला गेलात की सिल्व्हर कार्बोनेट किंवा बेरियम कार्बोनेट खाली बसतं आणि कार्बोनेटशिवाय दुसरं काही नसलेल्या अर्कातही ‘क्लोराईड’, ‘सल्फेट’ सापडू लागतात.

क्लोराईड, ब्रोमाईड, आयोडाईड. १ मिली आम्लधर्मी अर्कात सिल्व्हर नायट्रेटचे ४-५ थेंब. दह्यासारखा पांढरा अवक्षेप (द्रावणातून वेगळा होऊन खाली बसणारा घन पदार्थ) आला की थांबू नका. वरचं द्रावण ओतून टाका आणि अवक्षेपावर अमोनियम हायड्रॉक्साईड घाला. चटकन पूर्ण विरघळला तर क्लोराईड. फिकट पिवळा आणि जेमतेम विरघळणारा तर ब्रोमाईड. पिवळा आणि न विरघळणारा तर आयोडाईड. क्लोराईडच्या नळीत आता विरल नायट्रिक ॲसिड घाला, पांढरा अवक्षेप परत यायला हवा. ही उलटी तपासणी फार थोडे करतात. तिचा आणखी एक उपयोग आहे: अमोनियातलं सिल्व्हरचं द्रावण तसंच ठेवून दिलं तर स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. म्हणून ते लगेच आम्लधर्मी करून टाकलेलं बरं.

फिकट पिवळा की पांढरा, यावर ट्यूबलाईटच्या उजेडात वाद घालू नका. खिडकीपाशी जा, शेजारी माहीत असलेल्या क्लोराईडची नळी धरा.

सल्फेट. बेरियम क्लोराईडने आलेला पांढरा अवक्षेप हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये गरम करूनही विरघळला नाही तरच सल्फेट. इथे एक फसवणूक आहे. ॲसिड फार संहत असेल तर बेरियम क्लोराईड स्वतःच पांढरे स्फटिक होऊन खाली बसतं. थोडं पाणी घाला: विरघळलं तर ते सल्फेट नव्हतं.

नायट्रेट. १ मिली पाण्यातल्या द्रावणात १ मिली ताजं फेरस सल्फेट मिसळा. नळी तिरपी धरून संहत सल्फ्युरिक ॲसिड भिंतीवरून थेंबथेंब सोडा, ते तळाशी गेलं पाहिजे. दोन थरांच्या सीमेवर तपकिरी कडं येतं. नळी हलवली किंवा गरम झाली की कडं मोडतं, म्हणून नळी बाहेरून थंड पाण्यात धरा. ब्रोमाईड आणि आयोडाईड याच जागी आपापला तपकिरी रंग आणतात, नायट्राईट तर संहत ॲसिडची वाटही बघत नाही. त्यामुळे ४.१ आणि ४.२ न करता थेट कडं शोधणाऱ्याचं कडं विश्वासार्ह नसतं.

फॉस्फेट. संहत नायट्रिक ॲसिड आणि अमोनियम मॉलिब्डेट घालून कोमट करा, हळदी पिवळा अवक्षेप येतो. उकळू नका. फॉस्फेट सापडलं तर टिपून ठेवा, तिसऱ्या गटात त्याची आठवण लागेल.

## टप्पा ६: मूळ द्रावण

अर्धा ग्रॅम क्षार १० मिली द्रावकात. द्रावक या क्रमाने: थंड पाणी, गरम पाणी, विरल हायड्रोक्लोरिक ॲसिड, तेच गरम करून, आणि शेवटी संहत. प्रत्येक वेळी नवा क्षार घ्या, आधीच्याच नळीत पुढचा द्रावक ओतत जाऊ नका.

लेडची शंका असेल, म्हणजे क्षार पाण्यात न विरघळणारा, वजनदार आणि पांढरा असेल, तर हायड्रोक्लोरिकऐवजी विरल नायट्रिक ॲसिड वापरा. मात्र नायट्रिक ॲसिड असलेल्या द्रावणात हायड्रोजन सल्फाईड सोडला की गंधकाचा पिवळट-पांढरा गढूळपणा येतो. तो दुसरा गट नव्हे. फेरिक आयन असतानाही हेच होतं.

## टप्पा ७: धन आयनांचे गट

नियम एकच: ज्या गटात अवक्षेप आला, तिथे थांबून पुष्टी करा. नाही आला, तर त्याच द्रावणाने पुढे जा.

पहिला गट. थंड द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक ॲसिड. पांढरा अवक्षेप आला आणि गरम पाण्यात विरघळला तर लेड. पुष्टीसाठी पोटॅशियम आयोडाईड आणि पोटॅशियम क्रोमेट, दोन्हींनी पिवळा. लेड क्लोराईड पाण्यात थोडं विरघळतंच, उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात अधिक. नळी गार केल्याशिवाय ‘पहिला गट नाही’ असं म्हणू नका. लेड सटकलं तर दुसऱ्या गटात काळं होऊन समोर येतं.

दुसरा गट. त्याच आम्लधर्मी द्रावणात हायड्रोजन सल्फाईड. काळा म्हणजे कॉपर किंवा लेड, पिवळा म्हणजे कॅडमियम किंवा आर्सेनिक. ॲसिड जास्त असेल तर कॅडमियम खाली बसतच नाही. द्रावण दुप्पट पाण्याने पातळ करून पुन्हा वायू सोडा, मगच निर्णय.

तिसरा गट. इथेच सर्वाधिक घोटाळे होतात, म्हणून सावकाश.

१. दुसरा गट नकारार्थी असेल तर द्रावण उकळून हायड्रोजन सल्फाईड पूर्ण घालवा. वाफेत लेड ॲसिटेटचा कागद धरा, तो काळा होता कामा नये.
२. संहत नायट्रिक ॲसिडचे २-३ थेंब घालून उकळा. फेरसचं फेरिक होतं. हे केलं नाही तर फेरस अर्धवट खाली बसतं आणि चौथ्या गटात काळं होऊन निघतं.
३. २-३ मिली द्रावणात साधारण अर्धा ग्रॅम घन अमोनियम क्लोराईड विरघळवा.
४. त्यानंतर अमोनियम हायड्रॉक्साईड, ढवळल्यावरही अमोनियाचा वास टिकेपर्यंत.

तिसरी आणि चौथी पायरी उलट करू नका. अमोनियम क्लोराईड हायड्रॉक्साईड आयनांचं प्रमाण खाली ठेवतं. ते नसेल तर मॅग्नेशियम आणि मँगनीजही इथेच पांढरे होऊन बसतात आणि वहीत ‘ॲल्युमिनियम’ लिहिलं जातं.

लालसर तपकिरी अवक्षेप लोहाचा. जिलेटिनसारखा पांढरा ॲल्युमिनियमचा, आणि तो इतका पारदर्शक असतो की काळ्या पार्श्वभूमीशिवाय दिसत नाही. दोन मिनिटं कोमट करून ठेवा, मग बघा.

तपासा: पांढरं काही दिसलं की कोरी चाचणी करा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये तेवढंच अमोनियम क्लोराईड आणि त्याच बाटलीतलं अमोनियम हायड्रॉक्साईड. तिथेही कण दिसले तर दोष बाटलीचा. आधी फॉस्फेट सापडलं असेल तर कॅल्शियम, बेरियम, मॅग्नेशियमचे फॉस्फेटही याच टप्प्यावर खाली बसतात. आधी फॉस्फेट काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फेरस की फेरिक, हे मात्र मूळ द्रावणावरच ठरवा. पोटॅशियम फेरीसायनाईडने गडद निळा आला तर फेरस. पोटॅशियम थायोसायनेटने रक्तासारखा लाल आला तर फेरिक. नायट्रिक ॲसिड घातल्यानंतर सगळंच फेरिक दिसणार.

चौथा गट. तिसऱ्या गटाच्या अमोनियायुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाईड. मळकट पांढरा झिंक, फिकट मांसल गुलाबी मँगनीज, काळा निकेल किंवा कोबाल्ट. निकेलला अमोनियात डायमिथाइलग्लायॉक्झाईमने गुलाबी-लाल अवक्षेप येतो. झिंकचा सोडियम हायड्रॉक्साईडमधला पांढरा अवक्षेप जास्त घातल्यावर विरघळतो. मँगनीजचा विरघळत नाही, हवेने तपकिरी होतो.

पाचवा गट. हायड्रोजन सल्फाईड पुन्हा उकळून घालवा, द्रावण थोडं आटवा. अमोनियम क्लोराईड, अमोनियम हायड्रॉक्साईड आणि मग अमोनियम कार्बोनेट घाला. कोमट करा, उकळू नका, नाहीतर अमोनियम कार्बोनेट विघटित होऊन उडून जातं. पांढरा अवक्षेप धुऊन विरल ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवा आणि तीन नळ्यांत वाटा:

१. पोटॅशियम क्रोमेट: पिवळा अवक्षेप आला तर बेरियम. इथेच थांबा.
२. नाही आला तरच अमोनियम सल्फेट: पांढरा आला तर स्ट्रॉन्शियम. हा उशिरा येतो. कोमट करून, कांडीने नळी आतून घासून पाच-दहा मिनिटं वाट बघा.
३. तोही नाही तरच अमोनियम ऑक्झॅलेट आणि थोडं अमोनियम हायड्रॉक्साईड: पांढरा आला तर कॅल्शियम.

हा क्रम उलटवला की उत्तर जातं. ऑक्झॅलेटने बेरियम आणि स्ट्रॉन्शियमही खाली बसू शकतात, आणि सल्फेटने बेरियम तर बसतंच. तिसऱ्या नळीतला पांढरा अवक्षेप कॅल्शियमचा ठरतो तो पहिल्या दोन नळ्या कोऱ्या राहिल्यामुळे. पहिल्या नळीतलं ॲसेटिक ॲसिडही त्यासाठीच आहे. ते नसेल तर क्रोमेटने स्ट्रॉन्शियमही पिवळं येतं. आता ज्योतीचा रंग जुळतो का, हे पुन्हा बघा.

सहावा गट. मॅग्नेशियम. अमोनियम हायड्रॉक्साईड आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट घालून नळी आतून कांडीने घासा, पांढरा स्फटिकी अवक्षेप येतो. त्याआधी थोड्या द्रावणात ऑक्झॅलेट टाकून कॅल्शियम उरलेलं नाही ना, ते बघून घ्या, कारण कॅल्शियम फॉस्फेटही पांढरंच.

## टप्पा ८: जोडी पटते का?

उत्तर लिहिण्याआधी धन आणि ऋण आयन एकत्र ठेवून टप्पा ६ शी ताडून बघा. क्षार थंड पाण्यात सहज विरघळला आणि उत्तर बेरियम सल्फेट? अशक्य. लेड क्लोराईड म्हणताय, पण थंड पाण्यात चमचाभर क्षार क्षणात गेला? पुन्हा बघा. कार्बोनेट आहे आणि क्षार पाण्यात विरघळतो, तर धन आयन सोडियम, पोटॅशियम किंवा अमोनियम यांपैकी हवा. कॅल्शियम आला असेल तर पाणी तपासा. रंगही जुळला पाहिजे: निळ्या क्षाराचं उत्तर झिंक असू शकत नाही.

न पटणारी जोडी निघाली तर राखून ठेवलेला चौथा भाग आता काढा, आणि सगळं नव्याने न करता फक्त दोन पुष्टीच्या चाचण्या करा, शेजारी कोरी चाचणी लावून. लेड, कॅडमियम, बेरियम, निकेल आणि सिल्व्हर असलेली द्रावणं बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बरणीत जमा करा, आणि बरणीवर काय आहे ते लिहा.